मुळशी-मावळात बंगला घेताना : जमीन, पाणी, कागद आणि गाव यांची क्रमवार तपासणी

पुण्याच्या चांदणी चौकातून पौड रस्त्याने बाहेर पडले, की भूगाव, भुकूम, पिरंगुट ही गावे मागे पडत असतानाच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बंगल्यांच्या योजनांचे फलक दिसू लागतात. पौडहून कोळवण खोऱ्याकडे वळावे, मुळशी धरणाकडे जावे किंवा डोंगरापलीकडे मावळात पवना धरणाच्या काठी उतरावे. दृश्य साधारण तेच राहते. कमानीचे प्रवेशद्वार, चोवीस तास पहारा, क्लबहाउस, पोहण्याचा तलाव आणि आखीव रस्त्यांच्या कडेला तीन ते दहा गुंठ्यांच्या भूखंडांवर उभे असलेले किंवा कधीतरी उभे राहणार असलेले बंगले. कुंपणाच्या आत शहरी सोयी आणि कुंपणाबाहेर भातखाचरे, अशी ही उच्चभ्रू निमग्रामीण वस्ती असते.

अशा वस्तीत घर घेऊ पाहणारे कुटुंब बहुधा आधी बंगला पाहते, मग दर विचारते, मग कर्जाचे बोलते आणि वकिलाने आग्रह धरला तर शेवटी जमिनीचे कागद पाहते. हा क्रम उलटा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शहरातल्या सदनिकेचा रस्ता, पाणी, सांडपाणी आणि कचरा यांची जबाबदारी चांगली-वाईट का होईना, महापालिका उचलत असते. इथे त्यांपैकी जवळजवळ प्रत्येक गोष्ट आधी विकासकाने उभारायची आणि पुढे रहिवाशांनीच चालवायची असते. बंगल्यातली चूक पैसे खर्चून दुरुस्त करता येते; जमिनीच्या हक्कातली किंवा पाण्यातली चूक बहुधा दुरुस्त होत नाही.

पहिली पायरी : वापर ठरवणे आणि एका मुक्कामाचा हिशेब

घर कशासाठी हवे आहे, हे कुटुंबातल्या सर्वांनी एकत्र बसून आकड्यांत मांडावे. समजा, बंगल्याची किंमत दीड कोटी रुपये आहे आणि तो केवळ शनिवार-रविवारसाठी हवा आहे. सोसायटीचा मेंटेनन्स महिन्याला दहा हजार, माळी आणि देखरेख करणाऱ्याचे आठ हजार, वीज, कर आणि दर पावसाळ्यानंतरची डागडुजी मिळून वर्षाला चौऱ्याऐंशी हजार धरले, तर वार्षिक खर्च तीन लाख होतो. वर्षात तीस रात्री तिथे राहिलात, तर प्रत्येक रात्र दहा हजारांना पडली. त्यात गुंतवलेल्या दीड कोटींवरचे सात टक्के व्याज, म्हणजे साडेदहा लाख रुपये मिळवले, तर हीच रात्र पंचेचाळीस हजारांवर जाते. जमिनीचे भाव वाढतील, असे यावर सांगितले जाते. ते वाढतीलही, मात्र अशा योजनांमध्ये विकत घेणारे मोजके आणि विकू पाहणारे पुष्कळ असतात, त्यामुळे कागदावरचा भाव हातात पडायला दोन-तीन वर्षे लागू शकतात. हा हिशेब पाहूनही घर हवेसे वाटत असेल, तर ती आवड आहे हे मोकळेपणाने मान्य करावे आणि तिला गुंतवणूक म्हणू नये.

कायमचे राहायला जाणाऱ्यांनी जुलै महिन्यातल्या एखाद्या सोमवारी सकाळी साडेआठला त्या जागेहून स्वतःच्या कार्यालयापर्यंत गाडी चालवून पाहावी. चांदणी चौकातला नवा उड्डाणपूल ऑगस्ट २०२३मध्ये खुला झाला, पण भूगावातली कोंडी त्याने सुटत नाही. तसेच रात्री अकरा वाजता अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयापर्यंत किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून मोजावे. पौडला ग्रामीण रुग्णालय आहे. सर्पदंशावरील लस तिथे त्या आठवड्यात उपलब्ध आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. निवृत्तीनंतर राहायला जाणाऱ्या जोडप्याने आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा : दोघांपैकी गाडी चालवणारी व्यक्ती आजारी पडली, तर दुसऱ्याचे काय?

दुसरी पायरी : जमिनीचा इतिहास

सर्वाधिक वेळ इथे द्यावा. विकासक जी फाइल हातात ठेवतो, ती वाचावी. पण तिच्यावर विसंबू नये. गट नंबर विचारून घ्यावा आणि सातबारा उतारा शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावरून पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीसह स्वतः काढावा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असते. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे आरपेक्षा किंचित अधिक. बोलण्यात मात्र दोन्ही एकच समजले जातात. दहा गुंठ्यांमागे सव्वाशे चौरस फुटांचा फरक पडतो आणि या भागातल्या दराने ती रक्कम लहान नसते.

उताऱ्यावर पहिल्यांदा भोगवटादाराचा वर्ग पाहावा. वर्ग एकची जमीन साधारणपणे मोकळेपणाने हस्तांतरित होते; वर्ग दोनच्या जमिनीस सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आणि बहुधा नजराणा, म्हणजे शासनाकडे भरायची रक्कम, लागते. त्यानंतर ‘इतर हक्क’ हा रकाना ओळीओळीने वाचावा, कारण खरी कहाणी तिथे लपलेली असते. ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ अशी नोंद असेल, तर ती जमीन कुळाला कायद्याने मिळालेली आहे आणि तिच्या विक्रीला अटी आहेत, असे समजावे. पवना आणि इतर धरणांच्या परिसरात ‘पुनर्वसनासाठी’ असे शिक्के आढळतात. ते कमी झाल्याचा आदेश आणि फेरफार, म्हणजे हक्कबदलाची महसुली नोंद, दोन्ही मागावेत. वन विभागाची किंवा खाजगी वनासंबंधीची नोंद असेल, आदिवासी खातेदाराकडून झालेले हस्तांतरण असेल किंवा देवस्थान इनामाचा उल्लेख असेल, तर अनुभवी महसुली वकिलाच्या लेखी अभिप्रायाशिवाय इसाराचा एक रुपयाही देऊ नये.

फेरफारांची साखळी निदान तीस वर्षे मागे न्यावी. या साखळीत माझ्या मते सर्वांत जास्त घोटाळा वारसनोंदीत असतो. वडील गेले, तिघा भावांची नावे लागली आणि दोन बहिणींचा उल्लेखच राहिला, असे फेरफार जुन्या गावदप्तरात सर्रास आढळतात. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये तो हक्क जन्मतःच असल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे प्रत्येक वारसफेरफारापुढे थांबून बहिणी किती होत्या, त्यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे का किंवा त्या खरेदीखतात संमती देणार म्हणून सामील आहेत का, हे विचारावे. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाला बंगल्याची वास्तुशांत केल्यावर चौथ्या महिन्यात दिवाणी न्यायालयाचे समन्स आले, ते अशाच एका आत्याबाईंच्या दाव्याचे होते. आत्याबाईंचे म्हणणे न्याय्य होते, हे त्या कुटुंबालाही मनातून पटत होते.

साखळीत कुलमुखत्यारपत्राच्या आधारे विक्री झालेली असेल, तर मुखत्यारपत्र देणारा विक्रीच्या दिवशी हयात होता का, हे तपासावे. वकिलाकडून नोंदणी कार्यालयातल्या शोधाचा अहवाल घ्यावा, वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी आणि गटाशी संबंधित व्यक्तींच्या नावाने प्रलंबित दावे न्यायालयाच्या संकेतस्थळावर पाहावेत. विकासकाचा वकील आणि तुमचा वकील एकच असू नये. हे सांगावे लागते, याचेच मला नवल वाटते.

कागदावरची जमीन आणि पायाखालची जमीन एकच आहे का, हा यापुढचा प्रश्न. भूमी अभिलेख कार्यालयाकडून झालेल्या मोजणीची ‘क’ प्रत मागावी आणि तिच्यावर दाखवलेल्या हद्दी जागेवर दगडांसह दाखवून घ्याव्यात. डोंगरउताराच्या गटांमध्ये हद्द ओढ्याच्या काठाने जाते आणि ओढा वर्षानुवर्षे सरकतो. विकासकाने कुंपण घातलेले आहे, ही हद्दीची साक्ष मानता येत नाही.

तिसरी पायरी : बिनशेती, झोन आणि महारेरा

महाराष्ट्र (पूर्वीच्या मुंबई) कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८च्या कलम ६३ नुसार महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला, परवानगीशिवाय, शेतजमीन विकत घेता येत नाही. परदेशस्थ मराठी कुटुंबांसाठी हे बंधन आणखी कडक आहे : परकीय चलनविषयक नियमांनुसार अनिवासी भारतीयांना आणि ओसीआय कार्डधारकांना (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना) निवासी मिळकत घेता येते, शेतजमीन, मळा आणि फार्महाउस मात्र विकत घेता येत नाही. म्हणून ‘फार्महाउस प्लॉट’, ‘ॲग्रो व्हिला’, ‘एनए प्रक्रियेत’ असे शब्द जाहिरातीत दिसले, की जमीन आजच्या तारखेला बिनशेती (एनए) आहे का, या एका प्रश्नावर बोलणे थांबवावे. मोठ्या गटाचा अविभक्त हिस्सा विकून दहा-वीस अनोळखी माणसांची नावे एकाच सातबाऱ्यावर चढवण्याची पद्धत या भागात आहे. अशा व्यवहारात तुमचा भूखंड केवळ विकासकाने काढलेल्या नकाशावर अस्तित्वात असतो. शेतजमिनीचे लहान तुकडे पाडण्यास आळा घालणाऱ्या तुकडेबंदी कायद्याची बंधने वेळोवेळी सैल होत आली आहेत, तरी खरेदीच्या दिवशी लागू असलेला नियम वकिलाकडून लेखी घ्यावा.

मुळशी आणि मावळचा बराच भाग २०१५मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत येतो. तिथे बांधकाम परवानगी प्राधिकरणाची लागते. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला किंवा घरपट्टीची पावती तिची जागा घेऊ शकत नाही. प्राधिकरणाकडून झोन दाखला मागून घ्यावा आणि जमीन निवासी पट्ट्यात आहे, शेती विभागात आहे, वनीकरणात आहे की डोंगरमाथा-डोंगरउतारात, ते पाहावे. डिसेंबर २०२०मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत एकास पाचपेक्षा (पाच मीटर अंतरात एक मीटर चढापेक्षा) तीव्र उतारावर बांधकामास मनाई आहे. ‘व्हॅली व्ह्यू’ म्हणून जास्त दराने विकले जाणारे भूखंड नेमके या रेषेच्या आसपास असतात. मंजूर रेखांकनाचा नकाशा आणि विक्री कार्यालयातला रंगीत नकाशा शेजारी ठेवून पाहावेत. रंगीत नकाशातली बाग मंजूर नकाशात सुविधा भूखंड म्हणून निघते आणि तिथे पुढे दुकाने होतात, असे घडते.

वर्तुळाकार रस्त्याची आखणीही याच वेळी तपासावी. राज्य रस्ते विकास महामंडळाचा ११० मीटर रुंदीचा पुणे वर्तुळाकार मार्ग पश्चिमेला मुळशी-मावळातून जातो. तो जवळ असणे विक्रेता गुण म्हणून सांगतो, परंतु शांततेसाठी घर घेणाऱ्याने महामार्गापासूनचे अंतर स्वतः मोजावे. याखेरीज पश्चिम घाट पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची सहावी मसुदा अधिसूचना केंद्र सरकारने ३१ जुलै २०२४ रोजी काढली असून तिच्या यादीत मुळशी आणि मावळातली अनेक गावे आहेत. वीस हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या नव्या बांधकाम प्रकल्पांना त्या क्षेत्रात मनाई प्रस्तावित आहे. उभ्या घराला त्याचा त्रास नाही. पण योजनेचा ‘दुसरा टप्पा’ आणि त्यातले क्लबहाउस यांवर भरवसा ठेवून पैसे देणार असाल, तर गावाचे नाव त्या यादीत शोधावे.

पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरची, आठपेक्षा अधिक घरांची योजना महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदवावी लागते. नोंदणी क्रमांकावरून संकेतस्थळावर जमिनीवरील बोजा, मंजुऱ्या, पूर्णत्वाची तारीख आणि ती किती वेळा पुढे ढकलली आहे, हे सारे दिसते. नोंदणीकृत करार केल्याशिवाय विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. विक्रेता ‘आजच बुकिंग केले तर’ असे म्हणून वीस टक्के मागू लागला, तर त्याच्या बाकीच्या कारभाराचीही कल्पना यावी. योजना मोठी आणि नाव गाजलेले, म्हणून निर्धास्त राहू नये : याच डोंगरांत उभे राहिलेले लवासा हे खाजगी गिरिनगर २०१०च्या अखेरीस पर्यावरण मंजुरीच्या प्रश्नावर अडले आणि २०१८मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले. पैसे भरलेल्या घरखरेदीदारांना त्यानंतर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली.

चौथी पायरी : पाणी

ताम्हिणीच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुणे शहरात सुमारे सातशे. एवढ्या पावसाच्या प्रदेशात पाण्याची काळजी कसली, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु इथला खडक काळा बसाल्ट आहे. पाणी राहते ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांमध्ये. अखंड कातळात ते साठत नाही. पाऊस धो धो पडतो आणि उतारावरून नदीला जाऊन मिळतो. म्हणून ज्या खोऱ्यात जुलैमध्ये छत्री टिकत नाही, त्याच खोऱ्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकर फिरतात.

मुळशी धरणाचे पाणी डोळ्यांसमोर दिसते, त्यावरही जाऊ नये. ते धरण टाटांनी वीजनिर्मितीसाठी बांधले आणि त्याविरुद्ध १९२१मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. शंभर वर्षांनंतरही ते पाणी मुख्यतः कोकणात भिरा येथे वीज तयार करण्यासाठी उतरते. धरणाकाठच्या बंगल्याला त्या पाण्यावर आपोआप कोणताही हक्क मिळत नाही. ‘लेक व्ह्यू’चे जादा पैसे मोजणाऱ्याने मे महिन्यात तिथे जाऊन पाहावे, म्हणजे पाणी कुठवर मागे हटते आणि मध्ये किती चिखल उघडा पडतो, ते कळेल.

आता हिशेब मांडू. साठ बंगल्यांची योजना धरू आणि प्रत्येकात पाच माणसे. दरडोई १३५ लिटर या नेहमीच्या मापाने रोज ४०,५०० लिटर पाणी घरगुती वापराला लागेल. प्रत्येक बंगल्याभोवती तीन हजार चौरस फूट हिरवळ असेल आणि उन्हाळ्यात तिला रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचे असेल, तर बंगल्यामागे सुमारे १,४०० लिटर, म्हणजे साठ बंगल्यांना ८४,००० लिटर लागतील. घरापेक्षा हिरवळ दुप्पट पाणी पिते. दोन्ही मिळून रोज दहा हजार लिटरचे बाराहून अधिक टँकर होतात. विक्री कार्यालयातल्या माणसाला हा आकडा सांगावा आणि एवढे पाणी कुठून येते, असे विचारावे. उत्तरात बोअर किती आहेत, किती खोल आहेत आणि मे महिन्यात तासाला किती लिटर देतात, हे आकडे आले पाहिजेत. ‘दोन इंच पाणी आहे’ हे उत्तर स्वीकारू नये.

उपसा चाचणी एप्रिलअखेर किंवा मेमध्ये करून घ्यावी. पाणाड्याच्या नारळावर श्रद्धा ठेवायला हरकत नाही. सोबत भूजलतज्ज्ञाचा अहवालही घ्यावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मुख्य कार्यालय पुण्यातच आहे. गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत नव्या विहिरीवर किंवा बोअरवर कायद्याचे निर्बंध आहेत, हेही लक्षात असावे. योजनेची बोअर त्या अंतरात असेल, तर गावाची तक्रार आज ना उद्या येणारच, आणि ती योग्यच असेल. सांडपाण्याचा प्रकल्प चालू आहे का, ते यंत्राच्या आवाजावरून आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या वासावरून कळते. प्रत्येक बंगल्याला स्वतंत्र सेप्टिक टँक आणि शोषखड्डा असेल, तर वरच्या भूखंडाचा शोषखड्डा आणि खालच्या भूखंडाची बोअर यांतले अंतर पाहावे.

विजेबद्दल थोडक्यात : योजना महावितरणच्या गावठाण फिडरवर (वीजवाहिनीवर) आहे की शेतीच्या, हे शेजारच्या दुकानदाराला विचारले, तर अधिकाऱ्यापेक्षा लवकर कळते. डीपी (रोहित्र) कोणाची, किती क्षमतेची, आणि ती जळल्यावर मागच्या वेळी किती दिवस लागले, हेही त्याच बोलण्यात विचारून घ्यावे.

पाचवी पायरी : उतार, पाऊस आणि बांधकाम

जागा दोनदा पाहावी, मे महिन्यात आणि जुलैमध्ये. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये या खोऱ्यांतला प्रत्येक भूखंड सुंदर दिसतो आणि विक्रीचे शिबिर नेमके तेव्हाच भरते. जुलैच्या भेटीत भूखंडावर उभे राहून पाणी कुठून येते आणि कुठे जाते, ते अर्धा तास पाहावे. ओढा बुजवून भूखंड पाडले असतील, तर पाणी आपली जुनी वाट शोधतेच. नदीकाठच्या योजनेत पुराचे पाणी कुठवर येऊ शकते ते दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते, ते जलसंपदा विभागाच्या नकाशावर पाहावे.

माळीण ३० जुलै २०१४ रोजी आणि इर्शाळवाडी १९ जुलै २०२३च्या रात्री डोंगराखाली गाडली गेली. दोन्ही दुर्घटना याच सह्याद्रीतल्या आणि मुसळधार पावसाच्या दिवसांतल्या. म्हणून बंगल्याच्या मागे डोंगर उभा कापून सपाटी केलेली असेल, तर आधारभिंतीला पाणी निघून जाण्यासाठी भोके आहेत का, भिंत फुगली आहे का, वरच्या बाजूला चर काढून पाणी बाजूला वळवले आहे का, हे भू-तांत्रिक अभियंत्याकडून तपासून घ्यावे. भरावावर उभ्या बंगल्याच्या पायऱ्या आणि अंगण घरापासून सुटू लागलेले दिसते. तिथे रंगाचा ताजा हात दिसला, तर संशय घ्यावा.

उभा बंगला घेताना सपाट गच्चीपेक्षा उतरत्या छपराला आणि रुंद पागोळ्यांना मी नेहमी प्राधान्य देईन. पुण्यातल्या वास्तुविशारदाने काचेच्या भिंतींचा आखलेला बंगला छायाचित्रात देखणा दिसतो. चार महिने बंद राहिलेल्या त्याच बंगल्यात गाद्यांना बुरशी आणि दरवाजांना फुगवटा येतो. पुनर्विक्रीचा बंगला असेल, तर भोगवटा प्रमाणपत्र मागावे. ग्रामीण भागात ते अनेकदा नसते आणि विक्रेता ‘इथे कोणाकडेच नाही’ असे सांगतो. ते खरेही असेल, परंतु त्यामुळे तुमची अडचण कमी होत नाही.

सहावी पायरी : वस्ती कोण चालवते आणि शेजारी गाव काय म्हणते

साठ भूखंड विकले गेले आणि अठरा बंगले बांधले गेले, हे या योजनांचे नेहमीचे चित्र. उरलेल्या बेचाळीस मालकांना ना पहारा हवा असतो, ना रस्त्याचे दिवे. त्यांच्याकडून मेंटेनन्स वसूल होत नाही आणि भार अठरा घरांवर येतो. म्हणून मागील तीन वर्षांचे हिशेब, थकबाकीची यादी आणि कॉर्पस (राखीव) निधी कोणाच्या नावे, कोणत्या खात्यात आहे, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. सोसायटी नोंदणीकृत आहे का, अंतर्गत रस्ते, मोकळ्या जागा, बोअर आणि पाण्याच्या टाक्या तिच्या नावे झाल्या आहेत का, की अद्याप विकासकाच्याच आहेत, हे विचारावे. बंगले पर्यटकांना रात्रीच्या भाड्याने देण्याबाबत उपविधी काय सांगतात, तेही वाचावे. शेजारच्या बंगल्यात दर शनिवारी स्पीकर लागणार असेल, तर शांततेसाठी मोजलेले पैसे वाया गेले.

ज्या रहिवाशाला विकण्यात किंवा विकायला लावण्यात काही स्वार्थ नाही, अशा किमान तिघांशी बोलावे. पहारेकरी आणि माळी यांच्याशी तर आवर्जून बोलावे.

योजनेला येणारा रस्ता हा सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. डांबरी रस्ता सोडून आत वळल्यावर प्रवेशद्वारापर्यंतचे तीन-चारशे मीटर कोणाच्या गटातून जातात? तो शासकीय रस्ता आहे, की शेतकऱ्याने तोंडी दिलेली वाट? नोंदणीकृत करार आणि सातबाऱ्यावर नोंद नसेल, तर त्या शेतकऱ्याचा मुलगा उद्या दगड टाकून रस्ता अडवू शकतो. याची दुसरी बाजूही आहे. योजनेच्या कुंपणाने गावकऱ्यांची शेताकडे, विहिरीकडे किंवा देवळाकडे जाणारी जुनी वहिवाट बंद केली असेल, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार ती खुली करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. तेव्हा गावात जावे, चहाच्या टपरीवर बसावे, पोलीसपाटलांना आणि सरपंचांना भेटावे आणि योजनेबद्दल गावाचे मत विचारावे. जत्रेची पालखी पूर्वी कोणत्या वाटेने जात होती, या एका प्रश्नातून जमिनीचा अर्धा इतिहास कळतो. मुळात, ज्यांच्या आजोबांनी ही जमीन कसली, त्यांच्याशी आधी ओळख करून घेणे हे रीतीलाही धरून आहे.

सातवी पायरी : पैसा आणि करार

बांधकाम चालू असलेल्या बंगल्यावर परवडणाऱ्या घरांचा वर्ग सोडून पाच टक्के जीएसटी लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराच्या विक्रीवर आणि नुसत्या भूखंडाच्या विक्रीवर तो लागत नाही. काही विकासक भूखंडाचे खरेदीखत आणि बांधकामाचा करार असे दोन तुकडे करतात. त्यात बांधकामाच्या ठेक्यावर अठरा टक्के जीएसटी येऊ शकतो आणि पुढे भिंतीला तडा गेला, तर विकासक ‘आम्ही घर विकलेच नाही’ असे म्हणायला मोकळा होतो. दोन्ही करार एकाच वकिलाकडून एकत्र वाचून घ्यावेत.

किंमत पन्नास लाख किंवा अधिक असेल, तर खरेदीदाराने एक टक्का कर कापून सरकारजमा करायचा असतो. विक्रेता अनिवासी भारतीय असेल, तर कपातीचा दर बराच जास्त असतो आणि कर कमी कापल्याची चूक खरेदीदाराच्या अंगावर येते. नोंदणी शुल्क एक टक्का, पण कमाल तीस हजार रुपये आहे. मुद्रांक शुल्क हद्दीनुसार बदलते. निवासी घर स्त्रीच्या नावे घेतल्यास त्यात एक टक्का सवलत मिळते. पंचाहत्तर लाखांवरील गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते आणि मुद्रांक-नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाही. भूखंडासाठी बँका त्याहून हात आखडता घेतात. गरज नसली तरी राष्ट्रीयीकृत बँकेकडे कर्जाचा अर्ज करून पाहावा, असे मी सुचवेन. बँकेच्या वकिलाने मालकीहक्कावर शंका घेतली, तर पाच-सात हजारांच्या शुल्कात मिळालेला तो सर्वांत स्वस्त सल्ला असतो.

साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, पाण्याचा स्रोत आणि किमान पुरवठा, प्रवेशरस्त्याचा हक्क, सोसायटीकडे हस्तांतराची मुदत आणि क्लबहाउस पूर्ण करण्याची तारीख या चार गोष्टी शब्दांत लिहून घ्याव्यात. माहितीपत्रकातली चित्रे कराराला परिशिष्ट म्हणून जोडण्याचा आग्रह धरावा. विक्रेता यांपैकी काय लिहून द्यायला तयार होत नाही, त्यावरून दर किती कमी करायचा की उठून यायचे, ते ठरते.

खरेदीनंतरची कामे

खरेदीखत नोंदवल्यावर फेरफार आपोआप होईल, असे गृहीत धरू नये. हितसंबंधितांना पंधरा दिवसांची नोटीस निघते. त्या मुदतीत हरकत आली का, ते तलाठी कार्यालयात जाऊन पाहावे आणि नाव लागलेला नवा उतारा हाती आल्यावरच फाइल बंद करावी. वीजमीटर, ग्रामपंचायतीचा नमुना आठ (घरपट्टीचा उतारा) आणि सोसायटीचे भागप्रमाणपत्र यांवरही नाव लावून घ्यावे. विकासकाकडून घेतलेल्या घरातल्या बांधकामदोषांसाठी ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे विकासक जबाबदार असतो. म्हणून पहिल्या पावसाळ्यात ओल, गळती, तडे आणि खचलेले अंगण यांची तारखेसह छायाचित्रे काढावीत आणि ऑक्टोबरच्या आत लेखी तक्रार पोचपावतीसह द्यावी. तक्रार मिळाल्यापासून तीस दिवसांत दोष विनामूल्य दुरुस्त करून देणे विकासकावर बंधनकारक आहे. न केल्यास भरपाईसाठी महारेराकडे जाता येते.